घरी शिकणाऱ्या मुलीची पातळी कळावी अशी एखादी परीक्षा आहे का?

बोरीकाठ | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेर तालुक्यातले. मुलगी नुकतीच दहा पूर्ण झाली. तिसरीनंतर शाळेतून काढली, दीड वर्ष झालं घरीच शिकते. का काढली ही चर्चा इथे नको. ती आमच्या घरी सासूबाई रोज नव्याने करतात.

गेल्या आठवड्यात तिचा मामेभाऊ आला होता, तिच्याच वयाचा. चाचणीत ४० पैकी ३८ पडले म्हणून मिरवत होता. रात्री अंथरुणात ही मला विचारते, "आई, माझे किती?" मला काही सांगता येईना. वह्या भरलेल्या आहेत, वाचन भरपूर आहे, गोष्टी स्वतः लिहिते. पण ती तिच्या वयाच्या मुलांच्या पुढे आहे की मागे, हे मला खरंच माहीत नाही. शाळेतल्या पोरांच्या आईबापांना दर तीन महिन्यांनी काहीतरी आकडा मिळतो, भले तो कसाही असो.

जवळच्या एका शाळेत विचारलं की तुमच्या सहामाहीला हिला नुसतं बसू द्याल का. पटावर नाव नाही तर पेपर नाही, म्हणाले. नेटवर शोधलं तर सगळी अमेरिकन नावं येतात: आयोवा, स्टॅनफर्ड, कॅलिफोर्निया. यातलं काही इथून देता येतं का? मराठीत काही आहे का? सासूबाईंचा सवाल वेगळाच: "पोर शाळेत नही, मंग पास का नापास ते कोन ठरावस?"

केळीचा_घड | रविवार, रात्री १०:५८

शाळेत घाला, आकडा आपोआप मिळेल. सोप्या गोष्टीचा किती गुंता करतात लोक, काय भो.

बोरीकाठ | रविवार, रात्री ११:०३

दादा, "ही चर्चा इथे नको" तुमच्यासाठीच लिहिलं होतं.

सातपुड्याचा_वारा | सोमवार, सकाळी ६:१५

ताई, जिल्हा परिषदेच्या शाळांत ३४ वर्षं काढली, शेवटची अकरा शिरपूर तालुक्यात. थोडं मास्तरकीच्या सुरात लिहितो, चालवून घ्या.

मामेभावाचे ४० पैकी ३८ आधी डोक्यातून काढा. तो पेपर त्याच्या बाईंनी काढला, त्यांनीच शिकवलेल्या दोन धड्यांवर काढला आणि त्यांनीच तपासला. बाजूच्या गावात तेच ३८ म्हणजे वेगळं काही असू शकतं. ज्याला प्रमाणित चाचणी म्हणतात तिच्यात सगळ्यांना एकच पेपर, एकच वेळ, एकच सूचना असतात. शिवाय ती आधी हजारो मुलांना देऊन पाहिलेली असते, म्हणून तुमच्या मुलीचे गुण कोणाच्या शेजारी ठेवायचे ते ठरलेलं असतं. नुसता अवघड पेपर म्हणजे प्रमाणित पेपर नव्हे. क्लासवाल्यांनी हा घोळ पक्का करून ठेवलाय.

आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी जुनी गोष्ट म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पाचवीचे दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. पहिल्यात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न, दुसऱ्यात तृतीय भाषेचे २५ आणि बुद्धिमत्तेचे ५०. पात्र व्हायला प्रत्येक पेपरात ४० टक्के. आधी चौथी-सातवीला असायची, २०१७ पासून पाचवी-आठवीला गेली आणि आता पुन्हा चौथी-सातवीला आणायचं २०२५ मध्ये ठरलं. त्यामुळे जुना पेपर घेताना तो कोणत्या इयत्तेचा आहे ते बघा.

अडचण तीच. अर्ज शाळेमार्फत भरायचा, म्हणजे पटाबाहेरच्या पोरीला ही खिडकी बंद. नवोदयचंही तसंच. साकेगावच्या नवोदयला सहावीत जायचं तर पाचवी मान्यताप्राप्त शाळेत चालू असावी लागते. पण जुने पेपर आणि उत्तरसूची सगळीकडे मिळतात. घरी घड्याळ लावून सोडवायला कोणाचीच परवानगी लागत नाही.

खापराची_पुरी | सोमवार, सकाळी ९:२०

आता कोणीतरी बहिणाबाईंचं उदाहरण द्या म्हणजे धागा खानदेशी झाला असं जाहीर करता येईल.

केळीचा_घड | सोमवार, सकाळी ९:३१

तेच लिहायला आलो होतो. आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती आणि आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

खापराची_पुरी | सोमवार, सकाळी ९:३३

आणि त्या विद्यापीठात प्रवेशाला बारावीची गुणपत्रिका लागते. झालं, पुढे चला.

पांझराकाठ | सोमवार, रात्री ८:१०

मूळची धुळ्याची, देवपूरची. सध्या अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात. दोन मुलं, दोघंही घरीच शिकतात. तुम्ही लिहिलेल्या नावांशी दरवर्षी गाठ पडते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. टेक्ससमध्ये घरच्या मुलांना परीक्षेची सक्तीच नाही. जॉर्जियात तिसरीच्या अखेरीपासून दर तीन वर्षांनी घ्यावी लागते. आमच्याकडे दरवर्षी: इंग्रजी व्याकरण, वाचन, स्पेलिंग आणि गणित तपासणारी, देशपातळीवर प्रमाणित केलेली कोणतीही चाचणी चालते. निकाल सरकारला पाठवायचा नसतो, वर्षभर घरात जपून ठेवायचा, तपासणीला कोणी आलं तर दाखवायचा. म्हणून इथल्या आया "कोणती टेस्ट घेतलीस" हे "कोणता तांदूळ आणतेस" इतक्या सहज विचारतात. आयोवा चाचणी १९३५ पासूनची, आयोवा विद्यापीठातच सुरू झाली. ती घ्यायला पदवीधर पर्यवेक्षक लागतो अशी अट विकणारे बरेचदा घालतात. कॅलिफोर्नियावाली बहुतेक आई घरीच घेते.

पण ताई, ही मागवू नका. एक तर सगळं इंग्रजीत. गणितात इंच, औंस आणि क्वार्टर, डाइम ही इथली नाणी. तुमची मुलगी गणितात अडली की डाइममध्ये, हे कागदावरून कळणार नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे निकालात पर्सेंटाइल येतो. ६२ पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ६२ गुण नव्हेत. त्या इयत्तेच्या शंभर मुलांची रांग लावली तर साधारण ६२ जण तिच्या मागे, एवढंच. आणि ती रांग अमेरिकन मुलांची. अमळनेरच्या पोरीला त्या रांगेत कशाला उभं करायचं?

अजून एक. रिपोर्टात "ग्रेड इक्विव्हॅलंट" नावाचा आकडा असतो. तिसरीत असताना माझ्या मुलाला गणितात ५.४ आला. मी धुळ्याला फोन करून सांगितलं की नातू पाचवीचं गणित करतो, आईने शेजारीपाजारी पेढे वाटले. मग कळलं, त्याचा अर्थ एवढाच की तिसरीचाच पेपर पाचवीतल्या मुलांना दिला असता तर त्यांना सरासरी तेवढे गुण पडले असते. पाचवीचं त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं! आईला हे अजून सांगितलेलं नाही.

सुरत_पॅसेंजर | सोमवार, रात्री ९:४५

नंदुरबारहून. डी.एड. करत असताना 'असर'च्या पाहणीत गावोगाव फिरलोय, धडगावकडचे पाडे होते आमच्याकडे. तुम्हाला हवी ती वस्तू कदाचित हीच, आणि फुकट आहे.

'असर' ही प्रथम संस्थेची पाहणी, २००५ पासूनची. तिची खासियत म्हणजे ती शाळेत नाही, घरात होते. ५ ते १६ वयाच्या पोरापोरींसोबत ओट्यावर, गोठ्याशी, जिथे असतील तिथे एकेकट्याने बसायचं. शाळेत जाते की नाही यावर काही अडत नाही, शाळेबाहेरची मुलंही मोजतात. चाचणीचे कागद मराठीतही आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात.

वाचनात अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात उताऱ्यापासून करायची. सरळ वाचला तर गोष्ट द्या, अडखळली तर शब्दांवर या. गणितात अंक ओळखणं, मग हातच्याची दोन अंकी वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एका अंकाने भागाकार. गुण द्यायचेच नाहीत, पोर कुठल्या पायरीवर उभी आहे तेवढं लिहायचं. घाई करायची नाही, "शाब्बास" किंवा "चुकलं" म्हणायचं नाही. आम्हाला प्रशिक्षणात सगळ्यात जड हेच गेलं, गप्प बसणं.

मर्यादाही सांगतो. गोष्ट वाचली म्हणजे दुसरीचं वाचता येतं इतकंच सिद्ध होतं. दहा वर्षांच्या मुलीची उंची या पट्टीने मोजता येणार नाही, पट्टीच आखूड आहे. पण पायात काही मोडलंय का ते दिसेल.

बोरीकाठ | बुधवार, रात्री ११:१५

मास्तर, पांझराकाठ ताई, पॅसेंजर भाऊ, तिघांचेही आभार. आज 'असर'चा कागद छापून आणला. झालं ते लिहिते, कारण मला हसावं की रडावं कळत नाहीये.

वाचनात गोष्ट खडाखडा वाचली, वर गोष्टीचा शेवट कसा चुकलाय ते मला सांगितलं. मग वजाबाकी. ६३ वजा २७. खाली लिहिलं ४४. मी गप्प (भाऊ, खरंच जड आहे). दुसरं गणित घेतलं, त्यातही तेच. जिथे खालचा अंक मोठा तिथे सरळ उलटं करून टाकते, सातातून तीन गेले चार.

सासरे बाजूला पान लावत बसले होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "त्रेसष्ट रुपये होते, सत्तावीसची मेथी घेतली, परत किती?" ही लगेच, "छत्तीस."

म्हणजे तोंडी येतं आणि कागदावर येत नाही. बाजारात ती सत्तावीसवरून तीस, तीसवरून त्रेसष्ट अशी वर चढत जाते, मला माहीत होतं, कौतुकही वाटायचं. वहीत मी तिला दीड वर्ष अपूर्णांक, आलेख, काय काय दिलं. हातच्याची उभी मांडणी तिसरीत झालीच असणार असं धरून चालले होते. एकदाही बघितली नाही.

सातपुड्याचा_वारा | गुरुवार, सकाळी ६:०५

मनाला लावून घेऊ नका. सातातून तीन काढणारी पोरं माझ्या प्रत्येक वर्गात असायची, पटावरची, रोज हजर असणारी. दहा दहाच्या काड्यांचे गठ्ठे करा. एक गठ्ठा सोडवून सुट्या काड्या करू द्या, तिच्याच हाताने. चार दिवसांचं काम आहे.

आणि आता तुमच्या मूळ प्रश्नाचं खरं उत्तर. सोमवारी लिहायचं राहिलं. सरकारी आणि अनुदानित शाळांत 'नियतकालिक मूल्यांकन चाचणी' असते, शिक्षक तिला पॅटच म्हणतात. वर्षात तीन वेळा: पायाभूत, संकलित एक, संकलित दोन. प्रथम भाषा, गणित, इंग्रजी. पेपर राज्याकडून छापून येतो, गडचिरोलीपासून नवापूरपर्यंत एकच. यातली पायाभूत ही मागच्या इयत्तेवर असते, म्हणजे पाचवीच्या पोरांना चौथीचं विचारतात. पाचवीच्या वयाच्या तुमच्या मुलीचा पाया पाहायचा तर पाचवीची पायाभूत द्या. चाचणी होऊन गेली की त्या पेपराला कोणी कुलूप लावत नाही. ओळखीच्या शिक्षकाकडे मागा. तोंडी प्रश्नही असतात, ते गाळू नका.

पारख, नॅस ही नावं कोणी सुचवली तर ती सोडून द्या. त्या नमुना पाहण्या आहेत. काही शाळा निवडतात, जिल्ह्याचा आकडा काढतात. एका मुलीला त्यातून काही मिळत नाही.

कळण्याची_भाकरी | गुरुवार, दुपारी २:३०

जळगाव शहर. मुलगा सोळाचा, सहावीपासून घरी, दहावी एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान) झाली. बोरीकाठ ताई, तुम्ही पातळीचं विचारताय, पण दोन-तीन वर्षांनी तुम्हाला कागदाचा प्रश्न पडणार आहे. दोन्ही एका परीक्षेत भागवायला जाऊ नका, आम्ही तेच केलं आणि पोराच्या दोन उन्हाळ्यांचं मातेरं केलं.

कागदाचे रस्ते असे. एनआयओएसमध्ये लहान मुलांसाठी मुक्त मूलभूत शिक्षण आहे, तीन स्तर: अ म्हणजे तिसरी, ब म्हणजे पाचवी, क म्हणजे आठवी. ते मान्यताप्राप्त केंद्रांमार्फत चालतं, घरून थेट नाही. दहावीला वय १४ पूर्ण लागतं. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, दोन विषय आत्ता, दोन पुढच्या वेळी असं करता येतं. माध्यम मराठीही घेता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

दुसरा रस्ता राज्याचा, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. पाचवी आणि आठवीची समकक्ष परीक्षा तिथे आहे, पाचवीला वय १० पूर्ण. तुमची मुलगी बसते त्यात.

तिसरा, १७ नंबरचा फॉर्म. बाहेरून दहावी. आपण खानदेशवाले नाशिक विभागीय मंडळात येतो. पण त्याला किमान पाचवी उत्तीर्ण असावं लागतं आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. तुमचा तिसरीचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून गोदरेजमध्ये ठेवा. आमचा उंदरांनी खाल्ला. दुसरी प्रत काढायला जुन्या शाळेत चार चकरा आणि वर प्रतिज्ञापत्र.

केळीचा_घड | गुरुवार, सायंकाळी ७:१२

टोमणा नाही, खरंच विचारतो. मध्येच पोरीला वाटलं शाळेत जावं, तर घेतात का? माझ्या भाचीसाठी विचारतोय. (हो, आमच्याही घरात एक आहे. म्हणून तर पहिल्या दिवशी तसं लिहिलं.)

सातपुड्याचा_वारा | गुरुवार, रात्री ८:४०

घ्यावंच लागतं. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम ४, वयानुरूप वर्गात प्रवेश. सहा ते चौदा वयाच्या मुलाला "मधली वर्षं कुठे होतास" म्हणून परत पाठवता येत नाही. फक्त राज्याने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली, तेव्हापासून एक फरक पडलाय. पाचवीपर्यंत वय बघून सरळ प्रवेश, पण सहावी ते आठवीत वयानुरूप बसवायचं तर आधी पाचवीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. भाची किती वर्षांची?

केळीचा_घड | गुरुवार, रात्री ८:४४

बाराची होईल चैत्रात.

सातपुड्याचा_वारा | गुरुवार, रात्री ८:५०

मग वरचं जपून ठेवा. आणि गणिताची वही एकदा बघून घ्या, मेथीचा हिशोब नव्हे.

बोरीकाठ | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:०५

काड्यांचे गठ्ठे चालले. चार नाही, नऊ दिवस लागले. आता ६३ वजा २७ उभं मांडूनही ३६ येतात.

आज शिष्यवृत्तीचा पाचवीचा जुना पहिला पेपर लावला. ओसरीत पाट, सासऱ्यांकडे घड्याळ, दीड तास. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स, गोल काळे करायला पेन. भाषेत २५ पैकी २१. गणितात ५० पैकी १९. माझ्या पोटात गोळा. मग तिने प्रश्नपत्रिकेवर केलेल्या खुणा बघितल्या. एकतिसावा प्रश्न सोडला होता, पण गोल सोडला नव्हता. तिथून पुढची सगळी उत्तरं एक घर वर सरकलेली. खुणांवरून मोजलं तर ३४ बरोबर.

आता या ३४ आणि १९ मधलं खरं कोणतं? सासरे म्हणतात ३४. मी म्हणते खऱ्या परीक्षेत १९च मिळाले असते. मुलगी म्हणते दोन्ही लिहा. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या चौकोनात तसंच लिहिलंय, "३४ (१९)". मामेभावाला फोनवरही तसंच सांगितलं. त्याला काहीच कळलं नाही.

क्विंटल-किलोची सगळी बरोबर, कापूस घरातच मोजला जातो. परिमितीची सगळी चूक, तो धडा आमचा झालाच नव्हता. सासूबाईंना सांगितलं की पोरगी पासही नाही, नापासही नाही, परिमितीत अडली आहे. त्या म्हणाल्या, "ते काय रास?"

पाचवीची पायाभूत चाचणी कोणाकडे आहे का? गणित आणि मराठी दोन्ही हवीत.

सातपुड्याचा_वारा | रविवार, रात्री १०:२०

खाजगी निरोपात पाठवली. शेवटची दोन पानं शिक्षकांसाठीची आहेत, त्यात उत्तरं आहेत. छापताना ती काढून घ्या.